ॲप डिलीट केलं, तरी पैसे कापले जातात? सबस्क्रिप्शन रद्द करण्याचे नियम काय सांगतात

समजा, बदलापूर पश्चिमेला मांजर्लीत राहणारी एक तरुणी रोज लोकलने ठाण्याला नोकरीला जाते. प्रवासात काहीतरी शिकावं म्हणून ती इंग्रजी शिकवणारं एक ॲप डाउनलोड करते. 'फक्त १ रुपयात ७ दिवस', असं त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. ती यूपीआय पिन टाकते, दोन-चार धडे ऐकते, कंटाळते आणि ॲप फोनमधून काढून टाकते.

आठव्या दिवशी तिच्या खात्यातून ५९९ रुपये जातात. तीन महिन्यांनी पुन्हा ५९९. ती बँकेत विचारते, तेव्हा उत्तर मिळतं, "या पेमेंटला परवानगी तुम्हीच दिली आहे."

उदाहरण काल्पनिक आहे, पण रक्कम आणि ॲप बदललं तर ते अनेकांना आपलंच वाटेल. यात बँक खोटं बोलत नाही आणि त्या तरुणीचंही सगळं चुकलेलं नाही. दरम्यान वर्षाला २,३९६ रुपये जात राहतात. ही रक्कम कोर्टकचेरी करण्याएवढी मोठी वाटत नाही, म्हणून बहुतेक जण गप्प बसतात.

भारतात ॲपच्या सबस्क्रिप्शनसाठी वेगळा असा कायदा नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, त्याखालचे ई-कॉमर्स नियम, 'डार्क पॅटर्न' रोखणाऱ्या मार्गदर्शक सूचना आणि रिझर्व्ह बँकेचे ऑटो-पेमेंटचे नियम एकत्र वाचले, की ग्राहकाच्या हातात नेमकं काय आहे ते कळतं.

थोडक्यात सांगायचं तर

• ॲप डिलीट केल्याने सबस्क्रिप्शन रद्द होत नाही आणि ऑटो-पेची परवानगीही जात नाही.
• ऑटो-पेने पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना मिळायलाच हवी. ती मिळाल्यावर पेमेंट नाकारता येतं.
• रद्द करण्याचा पर्याय लपवणं किंवा प्रक्रिया मुद्दाम किचकट करणं हा 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' आहे आणि त्यावर २०२३ पासून बंदी आहे.
• आधीच टिक केलेल्या चौकटीवरून ग्राहकाची संमती गृहीत धरता येत नाही.
• कंपनी बंगळुरूची असो वा परदेशातली, ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करू शकतो.

ॲप डिलीट केल्यावर सबस्क्रिप्शन का थांबत नाही?

कारण सबस्क्रिप्शनची नोंद फोनमध्ये नसतेच. ती वेगवेगळ्या ठिकाणी असते.

पहिली नोंद कंपनीकडे, म्हणजे ग्राहकाच्या खात्यात असते. कोणता प्लॅन घेतला, तो कधीपर्यंत चालू आहे, हे सगळं तिथे असतं. पैसे गुगल प्ले किंवा ॲपलच्या ॲप स्टोअरमार्फत भरले असतील, तर दुसरी नोंद त्या स्टोअरकडे असते. तिसरी नोंद बँकेकडे किंवा यूपीआय ॲपमध्ये असते. तिला 'ई-मॅन्डेट' किंवा बोलीभाषेत 'ऑटो-पे' म्हणतात. 'अमुक कंपनीने माझ्या खात्यातून अमुक रकमेपर्यंत, अमुक काळाने पैसे घ्यावेत', अशी ती लेखी परवानगी असते.

ॲप फोनमधून काढून टाकलं, तरी यातली एकही नोंद पुसली जात नाही. मांजर्लीच्या त्या तरुणीने पिन टाकला तेव्हा तिच्या दृष्टीने तो १ रुपयाचा व्यवहार होता. प्रत्यक्षात त्याच पिनने पुढच्या ५९९ रुपयांची परवानगीही दिली गेली होती. म्हणूनच बँकेच्या लेखी हा 'परवानगी नसलेला व्यवहार' ठरत नाही.

पिन टाकण्याआधीचा स्क्रीन म्हणूनच महत्त्वाचा आहे. जाहिरातीत १ रुपया असला तरी ऑटो-पेच्या स्क्रीनवर कमाल रक्कम, पैसे किती काळाने कापले जाणार आणि परवानगी कधीपर्यंत चालेल, हे दिसतं. तिथे '५९९ रुपयांपर्यंत, दर तीन महिन्यांनी' असं असेल, तर सौदा १ रुपयाचा नाही हे ओळखावं.

रिझर्व्ह बँकेचा २४ तासांचा नियम काय आहे?

पूर्वी कार्डाचा नंबर एकदा दिला की कंपनी दर महिन्याला पैसे कापत राहायची आणि ते थांबवायला कंपनीच्याच मागे लागावं लागायचं. ऑगस्ट २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने कार्डावरच्या अशा पेमेंटसाठी नवी चौकट आणली. जानेवारी २०२० मध्ये यूपीआयलाही ती लागू झाली. बँका आणि कंपन्यांची तयारी नव्हती, म्हणून मुदत वाढत गेली आणि शेवटी १ ऑक्टोबर २०२१ पासून जुन्या पद्धतीने पैसे कापणं बंद झालं. त्या महिन्यात अनेकांचे ओटीटी आणि इतर सेवांचे ऑटो-पेमेंट अचानक अडकले होते, त्याचं कारण हेच.

या नियमांतल्या मुख्य गोष्टी अशा:

• परवानगी देताना ओटीपी किंवा पिनसारखी जादा पडताळणी आवश्यक आहे.
• प्रत्येक वेळी पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी लागते. त्यात कंपनीचं नाव, रक्कम, तारीख आणि कारण असायला हवं.
• ही सूचना मिळाल्यावर ग्राहक तेवढा एक व्यवहार नाकारू शकतो किंवा संपूर्ण परवानगीच मागे घेऊ शकतो.
• पैसे कापल्यावरही सूचना द्यावी लागते.
• परवानगी कधीही रद्द करण्याची सोय द्यावी लागते.
• ई-मॅन्डेटच्या सुविधेसाठी ग्राहकाकडून वेगळं शुल्क घेता येत नाही.

दर वेळी पिन किंवा ओटीपी न मागता कापता येणाऱ्या रकमेची मर्यादा सुरुवातीला २,००० रुपये होती. जानेवारी २०२१ पासून ती ५,००० झाली आणि जून २०२२ मध्ये १५,००० रुपयांवर गेली. म्युच्युअल फंड, विमा हप्ता आणि क्रेडिट कार्ड बिलासाठी डिसेंबर २०२३ मध्ये ती १ लाख करण्यात आली. ॲपची बहुतेक सबस्क्रिप्शन १५,००० च्या आतच असतात. म्हणजे दर वेळी पिन विचारला जाईल, अशी अपेक्षा ठेवून चालणार नाही. ग्राहकाला सावध करणारी गोष्ट एकच उरते, ती म्हणजे आधी येणारी सूचना.

अडचण अशी की ही सूचना कर्जाच्या आणि सेलच्या मेसेजच्या गर्दीत हरवते. लोकलच्या गर्दीत फोन खिशातून काढता येत नाही, रात्री घरी आल्यावर चाळीस मेसेज एकदम पुसले जातात. ती सूचना न वाचता पुसली, की पैसे थांबवण्याची सर्वांत सोपी संधी जाते.

किंमत वाढली तर काय?

ऑटो-पेमध्ये बदल करायचा असेल, तर ग्राहकाची पुन्हा पडताळणी लागते. त्यामुळे ठरावीक १४९ रुपयांची परवानगी दिली असेल, तर कंपनीला त्याच परवानगीवर परस्पर १९९ कापता येत नाहीत. परवानगी '५०० रुपयांपर्यंत' अशी दिली असेल, तर मात्र वाढलेली किंमतही त्या मर्यादेत बसते आणि पिन न विचारता कापली जाऊ शकते. अशा वेळीही २४ तास आधीच्या सूचनेत नवी रक्कम दिसायलाच हवी.

'सबस्क्रिप्शन ट्रॅप' कशाला म्हणतात?

ॲपचं डिझाइन असं करायचं की ग्राहकाला जे करायचं नव्हतं ते त्याच्याकडून व्हावं, याला 'डार्क पॅटर्न' म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी यासंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत १३ प्रकार नमूद आहेत. सबस्क्रिप्शनच्या दृष्टीने त्यातले काही थेट महत्त्वाचे आहेत.

सबस्क्रिप्शन ट्रॅप: पैसे भरून घेतलेलं सबस्क्रिप्शन रद्द करणं अशक्य किंवा लांबलचक, गुंतागुंतीचं करणं. रद्द करण्याचा पर्याय लपवणं. रद्द करण्याच्या सूचना संदिग्ध आणि गोंधळात टाकणाऱ्या ठेवणं. फुकट सबस्क्रिप्शनसाठी पेमेंटची माहिती किंवा ऑटो-डेबिटची परवानगी सक्तीने मागणं. यातला शेवटचा मुद्दा अनेकांना माहीत नसतो. 'फ्री ट्रायल हवी तर आधी कार्ड द्या', ही अट आपल्याला इतकी सवयीची झाली आहे की ती या व्याख्येत मोडते हे लक्षातच येत नाही.

सास बिलिंग: सॉफ्टवेअर सेवेसाठी ग्राहकाच्या नकळत पुन्हा पुन्हा पैसे वसूल करणं. फ्री ट्रायल संपून पैसे लागू झाल्याची सूचना न देणं आणि न कळवता खात्यातून पैसे कापणं, ही उदाहरणं त्या सूचनांमध्येच दिली आहेत.

कन्फर्म शेमिंग: नकार देणाऱ्याला लाज वाटेल अशी भाषा वापरणं. 'रद्द करा' ऐवजी 'नको, मला प्रगती करायची नाही' असं बटण ठेवणं हा याचा नमुना.

ड्रिप प्रायसिंग: सुरुवातीला कमी किंमत दाखवायची आणि पैसे भरण्याच्या पायरीवर एकेक आकार वाढवत न्यायचा.

नॅगिंग: ग्राहकाने नाही म्हटल्यावरही तीच विनंती पुन्हा पुन्हा समोर आणून त्याला हैराण करणं.

भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे वस्तू किंवा सेवा देणाऱ्या सगळ्या प्लॅटफॉर्मना या सूचना लागू आहेत. कंपनीचं कार्यालय परदेशात असलं तरी ती सुटत नाही. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ई-कॉमर्स प्लॅटफॉर्मना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करून असे प्रकार काढून टाकायला सांगितलं होतं.

किंमत कशी दाखवायला हवी?

ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियम जुलै २०२० मध्ये आले. त्यांनुसार विक्रेत्याने एकूण किंमत एकाच आकड्यात सांगायला हवी आणि कर, इतर आकार यांची फोडही दाखवायला हवी. '९९ रुपये' असं मोठं लिहून पेमेंटच्या वेळी १८ टक्के जीएसटी वेगळा लावला, तर ग्राहकाला प्रत्यक्षात ११६ रुपये ८२ पैसे पडतात. हा फरक आधीच दिसायला हवा.

'महिना फक्त ९९' असं लिहिलेल्या प्लॅनबाबतही सावध राहायला हवं. अनेकदा तो वार्षिक प्लॅन असतो आणि १,१८८ रुपये एकदम कापले जातात. मोठ्या अक्षरातला आकडा आणि पिनच्या स्क्रीनवरचा आकडा जुळत नसेल, तर पुढे जाण्याआधी स्क्रीनशॉट घेऊन ठेवणं चांगलं.

याच नियमांमध्ये संमतीबद्दलही स्पष्ट तरतूद आहे. ग्राहकाने स्वतःहून, स्पष्टपणे होकार दिला तरच तो होकार धरायचा. आधीच टिक केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे.

एकच सबस्क्रिप्शन आयफोनच्या ॲपमध्ये महाग आणि कंपनीच्या वेबसाइटवर स्वस्त, असंही दिसतं. ॲप स्टोअर विक्रीवर कमिशन घेतात आणि काही कंपन्या तो बोजा ग्राहकावर टाकतात. त्यामुळे पैसे भरण्याआधी वेबसाइटवरची किंमत पाहून घेणं फायद्याचं ठरतं.

रद्द केल्यावर पैसे परत मिळतात का?

इथे कायदा ग्राहकांना वाटतो तेवढा उदार नाही. सबस्क्रिप्शन घेतल्यावर इतक्या दिवसांत विनाकारण परत करून पूर्ण पैसे घ्या, असा सरसकट हक्क ई-कॉमर्स नियमांनी दिलेला नाही. महिना सुरू झाल्यावर रद्द केलं, तर साधारणपणे तो महिना संपेपर्यंत सेवा चालू राहते आणि पुढचे पैसे कापले जात नाहीत. उरलेल्या दिवसांचे पैसे मिळतील की नाही, हे कंपनीच्या अटींवर ठरतं.

मात्र काही परिस्थितींत परताव्याची मागणी भक्कम होते:

• रद्द केल्यानंतरही पैसे कापले गेले.
• पैसे कापण्याआधी २४ तासांची सूचना मिळालीच नाही.
• ट्रायल संपल्याचं कळवलं नाही.
• रद्द करण्याचा पर्याय सापडत नव्हता किंवा चालत नव्हता.
• जाहिरातीत सांगितलेली सेवा मिळालीच नाही.

रद्द करण्याच्या शुल्काबाबतही ई-कॉमर्स नियमांत मर्यादा आहे. कंपनीने स्वतःहून व्यवहार रद्द केला तर ती तसंच शुल्क सोसणार नसेल, तर ग्राहकाकडूनही ते घेता येत नाही.

सबस्क्रिप्शन पूर्णपणे बंद कसं करायचं?

क्रम महत्त्वाचा आहे. आधी सबस्क्रिप्शन, मग ऑटो-पे आणि सगळ्यात शेवटी ॲप.

१. ॲपमध्ये किंवा वेबसाइटवर लॉगिन करून 'अकाउंट' किंवा 'बिलिंग' विभागातून सबस्क्रिप्शन रद्द करा. रद्द झाल्याचा ईमेल किंवा स्क्रीन जपून ठेवा.

२. पैसे स्टोअरमार्फत भरले असतील, तर अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये आपल्या प्रोफाइलवर जाऊन 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स' पाहा. आयफोनवर सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर टॅप करून 'सबस्क्रिप्शन्स' उघडा. ॲपलच्या ट्रायल संपण्याच्या किमान २४ तास आधी रद्द कराव्या लागतात. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका.

३. ज्या यूपीआय ॲपवरून परवानगी दिली होती, तिथे 'ऑटो-पे' किंवा 'मॅन्डेट' विभाग उघडा. 'पॉज' आणि 'रद्द' यांत फरक आहे. पॉज केलेली परवानगी पुन्हा सुरू होऊ शकते. कार्डावर परवानगी दिली असेल, तर बँकेच्या ॲपमध्ये किंवा नेट बँकिंगमध्ये ती शोधा. सापडली नाही तर बँकेला लेखी कळवा.

४. हे सगळं झाल्यावर ॲप डिलीट करा.

फक्त ऑटो-पे रद्द केला आणि सबस्क्रिप्शन तसंच ठेवलं, तर काय होतं? पैसे जाणं थांबतं, पण करार कागदावर चालू राहू शकतो. वर्षभराची बांधिलकी घेऊन दर महिन्याला हप्ता भरायचा, असा प्लॅन असेल तर कंपनी उरलेली रक्कम मागू शकते. म्हणून दोन्ही ठिकाणी रद्द करणं सुरक्षित.

तक्रार कुठे करायची?

पहिली पायरी: कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी

ई-कॉमर्स नियमांनुसार प्रत्येक कंपनीने असा अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क जाहीर करायला हवा. तक्रार मिळाल्यावर ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण, ही त्याची मुदत आहे. चॅटबॉटशी बोलून थांबू नका. ईमेल पाठवा. त्यात व्यवहाराची तारीख, रक्कम, व्यवहार क्रमांक आणि नेमकी मागणी लिहा.

दुसरी पायरी: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५

इथे फोनवर मराठीतही तक्रार नोंदवता येते. व्हॉट्सॲपसाठी ८८००००१९१५ हा क्रमांक आहे. हेल्पलाइन निकाल देत नाही, पण तक्रार कंपनीपर्यंत पोहोचवून दाद मागते. लहान रकमांसाठी बऱ्याचदा एवढ्यानेही काम होतं.

बँकेची चूक असेल तर

ऑटो-पे रद्द करूनही पैसे गेले किंवा आगाऊ सूचना आली नाही, तर बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर मिळालं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन दाद मागता येते. परवानगी मुळात दिलीच नव्हती आणि कोणीतरी कार्डाची माहिती चोरून वापरली असेल, तर तो वेगळा विषय आहे. अशा वेळी बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणं गरजेचं असतं. चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसून त्रयस्थाची असेल, तर तेवढ्यात कळवल्यावर ग्राहकावर आर्थिक जबाबदारी येत नाही.

तिसरी पायरी: जिल्हा ग्राहक आयोग

बदलापूर ठाणे जिल्ह्याच्या अंबरनाथ तालुक्यात येतं. मांजर्लीत राहणाऱ्या ग्राहकाला ठाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात तक्रार करता येते. १९८६ च्या जुन्या कायद्यात ग्राहकाला साधारणपणे कंपनी जिथे आहे किंवा व्यवहार जिथे झाला, तिथे जावं लागायचं. २०१९ च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो, तिथेही तक्रार करण्याची मुभा दिली. घरबसल्या मोबाइलवरून खरेदी करणाऱ्यांसाठी या कायद्यातला हा सर्वांत उपयोगी बदल म्हणता येईल.

दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील लावण्याची सक्ती नाही. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या 'ई-जागृती' पोर्टलवर तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. मुदत मात्र पाळायला हवी. ज्या घटनेमुळे तक्रार उद्भवली, तिच्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करायची असते.

तक्रारीच्या शब्दांतही थोडी काळजी घ्यावी लागते. 'कराराच्या अटीच अन्यायकारक आहेत', अशी तक्रार ऐकण्याचा अधिकार कायद्याने राज्य आणि राष्ट्रीय आयोगाला दिला आहे. जिल्हा आयोगात जाताना 'अनुचित व्यापारी प्रथा' आणि 'सेवेतील त्रुटी' हे मुद्दे मांडावे लागतात. रद्द करू न देणं, न कळवता पैसे कापणं हे प्रकार या दोन मुद्द्यांखाली मांडता येतात.

एकच ॲप अनेकांना फसवत असेल तर

तेव्हा प्रश्न एका ग्राहकाचा राहत नाही. ग्राहकांच्या समूहाचं नुकसान होत असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा थेट केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे तक्रार पाठवता येते. प्राधिकरण चौकशी करून अनुचित प्रथा थांबवण्याचा आदेश देऊ शकतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तसंच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. प्राधिकरणाचा आदेश न पाळणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

१९७५ पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांकडूनही अशा बाबतीत मार्गदर्शन मिळतं.

इतर देशांत काय चाललंय?

हा प्रश्न जगभरचा आहे. जर्मनीत १ जुलै २०२२ पासून ऑनलाइन करारांसाठी वेबसाइटवर रद्द करण्याचं स्पष्ट बटण ठेवणं बंधनकारक आहे. ज्या सोपेपणाने घेतलं, त्याच सोपेपणाने सोडता यावं, हे त्यामागचं तत्त्व.

अमेरिकेत तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑक्टोबर २०२४ मध्ये याच तत्त्वावरचा नियम जाहीर केला. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने तो प्रक्रियेतल्या त्रुटीवरून रद्द केला. तरी कारवाई थांबली नाही. संमती न घेता प्राइम सदस्यत्व लावणं आणि ते रद्द करणं मुद्दाम अवघड ठेवणं, या आरोपांवरून कमिशनने जून २०२३ मध्ये ॲमेझॉनविरुद्ध खटला भरला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये ॲमेझॉनने २५० कोटी डॉलरची तडजोड केली. त्यातले १५० कोटी डॉलर ग्राहकांना परत करायचे होते. रद्द करण्याच्या या लांबलचक प्रक्रियेला कंपनीत 'इलियड' म्हटलं जायचं, हे त्या खटल्यात पुढे आलं. दीर्घ युद्धाची कथा सांगणाऱ्या ग्रीक महाकाव्याचं ते नाव.

भारतात रद्द करण्याच्या बटणाची अशी थेट सक्ती करणारा स्वतंत्र नियम नाही. इथे दोन गोष्टींवर भिस्त आहे: डार्क पॅटर्नवरची बंदी आणि ग्राहकाच्याच हातात असलेला ऑटो-पेचा नळ. कंपनीने दरवाजा लपवला तरी ग्राहक बँकेच्या बाजूने पैसे थांबवू शकतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ट्रायल घेतल्याबरोबर रद्द केली तर चालते का?
बहुतेक ठिकाणी चालते. ट्रायलची मुदत संपेपर्यंत सेवा सुरू राहते. काही ॲपमध्ये लगेच बंद होते, त्यामुळे रद्द करताना येणारा मजकूर वाचावा.

मुलांनी चुकून सबस्क्रिप्शन घेतलं तर?
लगेच रद्द करून स्टोअरकडे परताव्याची विनंती करा. गुगल प्लेवर खरेदीनंतर ४८ तासांच्या आत केलेल्या विनंतीला परतावा मिळण्याची शक्यता जास्त असते. पुढे असं होऊ नये म्हणून खरेदीसाठी पासवर्ड किंवा बोटाच्या ठशाची अट लावून ठेवा.

खात्यात पैसेच ठेवले नाहीत तर?
तेवढ्याने परवानगी रद्द होत नाही. कंपनी पुन्हा प्रयत्न करू शकते. शिवाय ऑटो-पे परत गेल्यावर बँक शुल्क लावू शकते.

कोणकोणते ऑटो-पे चालू आहेत हे कसं कळेल?
यूपीआय ॲपमधला 'ऑटो-पे' विभाग, कार्ड देणाऱ्या बँकेचं ॲप आणि फोनमधलं स्टोअर या तिन्ही ठिकाणी पाहावं लागतं. महिन्यातून एकदा, पगार झाला की, पाच मिनिटं यासाठी काढली तरी पुरतात.

मांजर्लीच्या त्या तरुणीपुरतं बोलायचं, तर तिसऱ्यांदा ५९९ रुपये जाण्याआधी तिला पुन्हा एक सूचना यायला हवी. ती आली तर तिला पेमेंट नाकारता येईल, ऑटो-पे रद्द करता येईल. ट्रायल संपल्याचं आधी कळवलं नसेल, तर गेलेल्या १,१९८ रुपयांसाठी कंपनीला ईमेल करून १९१५ वर फोन लावता येईल. सूचना आलीच नाही, तर ती न येणं हाच तिच्या तक्रारीचा सर्वांत मजबूत मुद्दा ठरेल.